डबीवरचा हिरवा दिवा

४ ऑक्टोबर २००४, सोमवार

आज कॉम्प्युटरने मला जीभ दाखवली. थट्टा नाही. सकाळची बॅच सुटली होती, मी समोर बसून चष्मा पुसत होते, कशाला हातही लावला नव्हता, आणि सीडीचा ट्रे आपणहून बाहेर आला. मी आत ढकलला. पुन्हा बाहेर. मग मी "पुरे" म्हणून दटावलं, तसा गपचूप आत गेला. इतकी वर्षं देवळाली कॅम्पात टायपिंगचा क्लास चालवतेय, एकाही टाइपरायटरने असा आगाऊपणा केला नाही.

खरं तर घाबरायला हवं होतं. मला मजाच वाटली. आत कोण आहे, असं विचारावंसं वाटलं.

अकराला सुभेदार धनराज आले. तोफखान्यातून निवृत्त झालेत, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, उन्हाळ्यापासून माझ्याकडे मराठी टायपिंग शिकतायत. कशासाठी ते देव जाणे. नोकरी करायची नाही, परीक्षेला बसायचं नाही. एका बोटाने ठोकतात आणि दर ओळीला विचारतात, "मॅडम, 'ज' कुठे आहे?" माझ्या हाताखालून गेलेला सगळ्यात मठ्ठ विद्यार्थी. ट्रेची हकीकत सांगितली तर गंभीर होऊन म्हणाले, "एकट्या असताना असं काही झालं तर मला फोन करायचा, मॅडम. लगेच येतो." ट्रे बंद करायला सुभेदार कशाला लागतो?

७ ऑक्टोबर, गुरुवार

आज पडले. ओट्याजवळ उभी होते, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसले. बसले कसली, आडवीच झाले. नशीब की चंद्रभागा मागच्या दारात मेथीची जुडी घेऊन उभी होती. भगूरहून भाजी घेऊन येते, पहिली पाटी माझ्या दारात उतरवते. तिने पाणी पाजलं, टेकवून बसवलं.

"बाई, लय घाम आलाय तुमाला. पोरीला फोन लावू का?"

"खबरदार!" मी म्हटलं. पडलेल्या बाईचा आवाज इतका चढतो हे बघून तिला हसू आलं.

मीनाला कळून चालणार नाही. तिचे बाबा गेले तेव्हा तिने माझ्याकडून शब्द घेतलाय: एकदा जरी पडलीस, तरी क्लास बंद करायचा आणि पुण्याला यायचं. तिच्या फ्लॅटमध्ये माझी खोली तयार आहे, पडद्यांसकट. खोली चांगली आहे. पण तिथे मी काय करणार? तिची आई म्हणून बसून राहणार. इथे मी बाई आहे. रस्त्याने चालले तर निम्मा कॅम्प नमस्कार करतो.

म्हणून हे फक्त इथेच लिहितेय. मला पेनाने विचार करता येत नाही, बोटांनी करता येतो, त्यामुळे डायरीही कॉम्प्युटरवरच. लिहिता लिहिता जरा थांबले की पडद्यावर गणपती येतो. मीनानेच गणेश चतुर्थीला ईमेलने पाठवला होता. निरांजन फिरतं, आरती वाजते, लाल फुलं पडतात. तेव्हा मी मॉनिटरला हळदकुंकू वाहून दूर्वाही ठेवल्या होत्या. आत्ता आलाय. आलाय तर ऐकून घे, बाप्पा: पडले ते तुझ्यामाझ्यात राहू दे.

९ ऑक्टोबर, शनिवार

मीनाचा फोन. इकडचं तिकडचं झालं आणि मग एकदम, "आई, बीपीची गोळी घेतेस ना? एकदा डॉक्टरांकडे जाऊन येशील? आणि ओट्याजवळ जरा जपून वावरत जा."

मी म्हटलं, मी ठणठणीत आहे.

फोन ठेवला आणि डोक्यात घण पडायला लागले. ओटा तिला कुठून सुचला? चंद्रभागेशिवाय तिथे कोण होतं?

१० ऑक्टोबर, रविवार

चंद्रभागेला विचारलं. विचारलं म्हणजे फैलावरच घेतलं. ती पाटीवर हात ठेवून नुसती बघत राहिली.

"म्या नाय सांगितलं, बाई. माह्याकडं तुमच्या पोरीचा नंबर बी नाय."

"मग भिंतीने सांगितलं का?"

तिने पाटी उचलली आणि गेली. मेथी ओट्यावर तशीच ठेवून गेली. मला ती निवडावीशी वाटली नाही.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार, दसरा

आज एक गंमत हाती लागली आहे.

आमच्या क्लासचा रिवाज असा, की दसऱ्याला यंत्रांना सुट्टी. आदल्या दिवशी टाइपरायटर तेल घालून लख्ख करायचे, दसऱ्याला झेंडू वाहायचा आणि दिवसभर कुणी कळेला बोट लावायचं नाही. झेंडू दरवर्षी चंद्रभागा आणते. यंदा बाजारातून विकत आणला. तिचा मोठा असतो.

कॉम्प्युटर मी चालू ठेवला होता, पूजेला गणपती दिसावा म्हणून. केबलवाल्याच्या इंटरनेटची काळी डबी शेजारीच असते, तिच्यावर एक हिरवा दिवा आहे. आपण काही पाठवलं किंवा मागवलं की तो लुकलुकतो. मी हात जोडून उभी. गणपती आला. आरती सुरू झाली. आणि दिवा भराभर लुकलुकायला लागला.

कुणी काही मागवलं नव्हतं. सगळ्या घरात फक्त मी, आणि माझे हात जोडलेले.

मी माउस हलवला. गणपती गेला, पण दिवा लुकलुकतच राहिला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दिवा शांत. खुर्ची ओढून बसले आणि वाट पाहिली. गणपती आला की लगेच दिवा सुरू. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. शिरा करायचा राहूनच गेला. सुभेदार सोनं द्यायला आले तेव्हा मी डबीसमोर बसलेली. आपट्याचं पान हातात घेऊन तेही उकिडवे बसले आणि दिवा बघत राहिले. चांगला माणूस आहे, बिचाऱ्याला काहीही दाखवलं तरी आवडतं.

२५ ऑक्टोबर, सोमवार

महेशला बोलावलं. माझा जुना विद्यार्थी, गंगापूर रोडवर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने अँटिव्हायरस ताजा केला, तपासणी लावली आणि माझा चहा होईपर्यंत ओरडला, "बाई, ट्रोजन आहे!"

मी त्याला नीट समजावून सांगायला लावलं. तो म्हणाला, "व्हायरस घुसतो, बाई. ट्रोजनला आपणच पाटावर बसवतो. काहीतरी छान म्हणून येतो, पोटात वेगळंच असतं. एकदा आत आला की दार उघडून ठेवतो. मग पाठवणारा माणूस लांब बसून तुमच्या फायली वाचू शकतो, ट्रेसुद्धा उघडू शकतो."

म्हणजे आत खरंच कुणीतरी होतं! अंगावर काटा आला, पण खरं सांगायचं तर उत्सुकताच जास्त होती. मी विचारलं, "माझं वाचून त्याला काय मिळणार? आणि माझा मराठी फॉन्ट त्याच्याकडे नसेल तर त्याला नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसणार."

"तेही खरं," महेश म्हणाला. "अनोळखी कुणाची फाइल उघडली होती का?"

मी अनोळखी माणसाचं पाकीटसुद्धा उघडत नाही. तसं त्याला ठणकावून सांगितलं.

त्याने चालू असलेला तो प्रोग्राम बंद केला, खोडला. मग म्हणाला, "बाई, हा गणपतीच्या फाइलवर पण संशय दाखवतोय. उडवू?"

"गणपतीला उडवतोस? तोंड सांभाळ!"

त्याने कान पकडले. म्हणाला, कधीकधी अँटिव्हायरस चांगल्या फायलींवरही उगाच भुंकतो. बाप्पाला हात न लावता गेला.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

विलक्षण! सुभेदार बाहेर सरावाला बसले होते, मी आत पोहे परतत होते. बाहेरून कीबोर्डचा आवाज इतका सरसर यायला लागला की मला वाटलं, परीक्षेचा एखादा उमेदवारच बसलाय. पन्नासचा स्पीड तर सहज असेल. धावत बाहेर आले. सुभेदार एकटेच. माझ्याकडे बघून दचकले आणि पुन्हा एका बोटाने अक्षर शोधायला लागले.

ट्रोजन कळाही दाबतो का? महेशला विचारायला हवं.

२७ ऑक्टोबर, बुधवार

दिवा परत लुकलुकतोय. आरती सुरू झाली की लगेच.

महेशला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाला, "बाई, तो गणपती कुणी पाठवला होता?"

मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

२८ ऑक्टोबर, गुरुवार (कागदावर)

आज पेनाने लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय. पण हे मशीनवर लिहायचं नाही.

मनात एक नाव आलंय. ते नाव माझ्याच पोटचं आहे. मराठी टाइपरायटरच्या कळांवर मोठी झालेली, माझा फॉन्ट जिच्या कॉम्प्युटरवर आहे, पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत नोकरी करणारी. ओटा तिला भिंतीने सांगितला नाही. मीच सांगितला, याच मशीनवर बसून.

पण खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही. चंद्रभागेच्या वेळी बोलून बसले. आता डायरीत असं काहीतरी खोटं लिहायचं की ज्याचं चोराला काहीच वाटणार नाही, आणि मुलीला मात्र राहवणार नाही. आजारपण लिहिणार नाही. ते फार क्रूर होईल. दुसरं काहीतरी शोधते.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

सुभेदार धनराज यांनी आज मला लग्नाचं विचारलं. मी विचार करून सांगते म्हटलं. माणूस सज्जन आहे. होकार द्यावा असं मनात येतंय. मीनाला इतक्यात सांगायचं नाही.

३० ऑक्टोबर, शनिवार (कागदावर)

मीना दुपारच्या आत हजर. पहाटेची बस पकडून आली होती, केसही विंचरलेले नव्हते. दारातच म्हणाली, "आई, कोण हा माणूस?"

मी म्हटलं, "बस. पाणी पी. आणि मग सांग, तुला कुणी सांगितलं?"

तिचा चेहरा उतरला. ती खुर्चीवर बसली आणि कॉम्प्युटरकडे बघायला लागली. महेशने काय शोधलं तेही तिने वाचलं असणार, तरी लग्नाचं वाचून तिला राहवलं नव्हतं. मला वाटलं होतं, पकडल्याचा आनंद होईल. झाला नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. अकराची वेळ, सुभेदार आले. हातात हंगामाआधीच आलेल्या द्राक्षांचा पुडा. मीना उठून उभी राहिली. मी तिला थांबवायच्या आत ती बोलून गेली, "काका, तुम्ही माझ्या आईला लग्नाचं विचारलंत?"

सुभेदार सावधान उभे राहिले. खरोखर, टाचा जुळवून. आधी माझ्याकडे पाहिलं, मग द्राक्षांकडे. कान लालबुंद झाले होते.

"नाही," ते म्हणाले. "अजून विचारलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

लांब तोफांचा सराव चालू होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मग सुभेदारांनी पुडा टेबलावर ठेवला, "उद्या येतो, मॅडम" म्हणाले आणि गेले.

मला काय वाटलं? लाज वाटली. हसू आलं. आणि आणखी काहीतरी वाटलं, ते कागदावरही लिहीत नाही.

मग आम्ही मायलेकी भांडलो. मी म्हटलं, चोरून वाचतेस आईचं? देवाच्या पोटात घालून पाठवतेस?

"मग काय करू?" मीना रडायला लागली. "फोनवर तू नेहमी ठणठणीत असतेस. बाबा गेले त्या सकाळीसुद्धा 'सगळं ठीक आहे, सावकाश ये' म्हणालीस. मी सावकाश आले, आई."

ते खरं आहे. तेव्हा मला वाटलं होतं, तिने प्रवासात घाबरू नये.

"आणि तू पडलीस ते मला त्याच संध्याकाळी कळलं. नेलं का मी तुला? शब्द घेतला होता ना? चार वेळा बॅग भरली. तू लिहिलं होतंस, इथे मी बाई आहे. ते वाचून बॅग परत रिकामी केली."

तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. ती पालथी पडून झोपली, दहावीच्या परीक्षेनंतर झोपायची तशी.

३१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी महेश आला. मीनाला बघून त्याला सगळं कळलं, पण पोराने चेहरा सरळ ठेवला. मी मीनाला म्हटलं, "बाकी काही असो, तो ट्रे उघडून मला जीभ का दाखवलीस?"

"कुठला ट्रे?" ती म्हणाली. "मी फक्त डायरी वाचायचे. ट्रे मी कधीच उघडला नाही."

महेशने मान हलवली. "याच केबलवर कॅम्पातलं कुणीतरी कारटं असेल, मीनाताई. अशी उघडी दारं शोधत फिरतात. तुम्ही तुमच्यासाठी दार उघडलंत, पण दाराला काय कळतं कोण आपलं ते."

मीना पांढरीफटक पडली. म्हणाली, "काढ. आत्ताच्या आत्ता काढ."

मी म्हटलं, आत्ता नाही. आधी उत्तरपूजा. मॉनिटरवर अक्षता वाहिल्या, हळदकुंकू लावलं, महेशने चप्पल काढून आरती म्हटली. निरोप देताना "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणायला तोंड उघडलं आणि अडकले. बाप्पाने यावं, पोटातल्याने येऊ नये, हे एका वाक्यात कसं सांगायचं? शेवटी मीनाच म्हणाली, "बाप्पा, पुढच्या वर्षी या. मातीचे या."

महेशने गणपतीची फाइल खोडली. मशीन सुरू होताना तो प्रोग्राम पुन्हा जागा होईल असं जिथे जिथे लिहून ठेवलेलं होतं, ते सगळं काढलं. मीनाने माझा पासवर्ड बदलायला लावला आणि मी टाइप करताना तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिली. मशीन पुन्हा चालू केलं. आम्ही तिघं डबीसमोर बसलो. दिवा शांत होता. बराच वेळ बसलो, तरी शांतच.

निघताना आमचा नवा करार झाला. मी खरं सांगायचं. तिने न्यायचं नाही. फाटकाशी थांबून म्हणाली, "काका वाईट नाहीत, आई. द्राक्षं गोड होती."

सुभेदार आज आले नाहीत.

२ नोव्हेंबर, मंगळवार

भगूरला गेले. चंद्रभागा मळ्यात कोथिंबीर उपटत होती. माझ्याकडे बघितलं आणि हात चालूच ठेवले. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. चूक माझी होती, म्हटलं. तुझ्यावर आळ घेतला, मला माफ कर.

"म्हंजी मशीनीत भूत व्हतं," ती म्हणाली. "आन् ते तुमच्याच पोरीचं. मंग माह्या डोक्यावर कशापायी बसवलं, बाई?"

खाली बसले आणि तिच्यासोबत जुड्या बांधायला लागले. थोड्या वेळाने तिने माझ्या हातातली जुडी काढून घेतली, सोडली आणि पुन्हा नीट बांधली. "तुमच्यानं नाय व्हायचं ते," म्हणाली. "उद्या मेथी आणिते."

५ नोव्हेंबर, शुक्रवार

सुभेदार आले. काहीच न झाल्यासारखे बसले, 'ज' विचारला. मी दाखवला. जाताना दारात थांबून म्हणाले, "मॅडम, विचारू का?"

मी म्हटलं, "दिवाळी होऊ दे."

"ठीक आहे," म्हणाले, आणि चक्क शीळ वाजवत गेले. रस्त्यावर लोक बघत होते.

अजून एक गोष्ट नोंदवून ठेवते. डायरी लिहिताना हात अडखळतो हल्ली. कुणी वाचत नाही हे चांगलंच आहे. तरी ओळ संपली की नजर डबीकडे जाते.

९ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा चक्कर आली. क्लासमध्येच, खुर्चीवरून उठताना. टेबल धरलं म्हणून पडले नाही. पाणी प्यायले, बसले, आणि सवयीने इथे लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून झाल्या आणि लक्षात आलं, या आता कुठेच पोचणार नाहीत.

फोन उचलला. नंबर फिरवला. मीनाने उचलला.

म्हटलं, "मी ठणठणीत नाही. आत्ता चक्कर आली होती."

मला वाटलं, आता बॅग भरते ही. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, भराभर. मग ती म्हणाली, "बसली आहेस ना?"

"बसलेय."

"संध्याकाळी डॉक्टरांकडे जाशील?"

"जाईन."

"एकटी जाऊ नकोस. आत्ता कुणी आहे का जवळ?"

मी मान वळवून पाहिलं. "आहेत," मी म्हटलं. "सुभेदार आहेत. 'ज' शोधतायत."